वाणसामानाच्या एका यादीबद्दल ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सादर नमस्कार.

हे पत्र तुमच्या घरी येऊन हातात देता आले असते. परंतु तुम्ही माझ्यासाठी जे केलेत ते सकाळी अंधारातच घर सोडणाऱ्या इतर बायकांपर्यंतही पोहोचावे, म्हणून जाहीरपणे लिहीत आहे. परवा रक्ततपासणीचा नवा अहवाल मिळाला. हिमोग्लोबिन वाढले आहे. डॉक्टरांनी दिलेल्या लोहाच्या गोळ्यांचा त्यात वाटा आहेच, तरी तो आकडा वाचताना मला सर्वांत आधी तुम्ही आठवलात आणि दवाखान्याच्या बाकावरच डोळे भरून आले.

बदलापूर ते मुंबई असा रोजचा प्रवास करताना मला लोकलमध्ये चक्कर येऊ लागली, तेव्हा सल्ला देणाऱ्यांची वाण नव्हती. नातेवाइकांनी नोकरी सोडायला सांगितले. घराचा हप्ता कोण भरणार, हे कोणी सांगितले नाही. ज्या आहारसल्लागारांकडे मी मोठ्या आशेने गेले, त्यांनी शुल्क आधी घेतले आणि ओट्स, बदामाचे दूध, ऑलिव्ह तेल असा छापील तक्ता हाती दिला. मी किती वाजता घराबाहेर पडते, घरात खाणारी माणसे किती, महिन्याला वाणसामानासाठी किती पैसे बाजूला काढता येतात, यांतला एकही प्रश्न त्यांनी विचारला नाही. रविवारी आठवड्याभराचे जेवण शिजवून फ्रीजमध्ये ठेवावे, असेही त्यांनी सुचवले. आमच्या भागात उन्हाळ्यात दुपारची वीज कशी जाते, हे तुम्हाला निराळे सांगायला नको.

तुम्ही मात्र मला आधी बसायला सांगितलेत, आणि मग वाण्याकडे नेण्यासाठी मी लिहिलेली यादी मागून घेतलीत. त्या यादीत तुम्ही एकही नवी वस्तू लिहिली नाही आणि लिहिलेली एकही खोडली नाही. मटकी, नाचणी, हरभरे, शेंगदाणे, गूळ, कारळे या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढलीत, शेजारी वार लिहिलेत आणि म्हणालात, "सगळं घरात आहे तुमच्या, फक्त वेळेवर हाताशी येत नाही." मला कोणीही कमी लेखले नाही, असा तो बऱ्याच महिन्यांतला पहिला प्रसंग होता. ती यादी मी जपून ठेवली आहे.

रविवारी पूर्ण स्वयंपाक करून ठेवायचा नाही, त्यातला वेळ खाणारा भाग तेवढा आधी उरकायचा, हे तुमचे सांगणे माझ्यासारखीला खरोखर पेलणारे ठरले. थालीपिठाची भाजणी आणि कारळ्याची चटणी कोरडी असल्यामुळे वीज असो वा नसो, ती टिकते. मटकी आदल्या दिवशी भिजत घातली की मोड आपोआप येतात; कांदा-खोबऱ्याचे वाटण परतून थोडे थोडे ठेवले की पहाटे उसळीला फोडणीपुरताच वेळ लागतो. पोळी ताजी, भाजी ताजी, आणि तरीही सकाळची ती जिवावर येणारी धावपळ संपली. शिजवलेली उसळ उरली तर लगेच फ्रीजमध्ये ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी संपवावी, भात मात्र साठवूच नये, हेही तुम्ही बजावलेत. डब्यात लिंबाची फोड द्या आणि जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकला, ही सूचना तर मला कोणीच केली नव्हती. कडधान्यांतले लोह अंगी लागायला लिंबू मदत करते आणि चहा आडवा येतो, हे तुम्ही इतक्या सोप्या शब्दांत सांगितलेत की माझ्या मुलीलाही ते पाठ झाले आहे. खर्च वाढला नाही. उलट स्टेशनवरच्या वडापाववर जाणारे पैसे वाचू लागले.

तुम्ही आयुष्यभर अंगणवाडीत सेविका होतात. 1975 साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा सगळा डोलारा तुमच्यासारख्या बायकांनी उभा ठेवला, आणि त्याबद्दल त्यांना पगार नव्हे, मानधन मिळाले. 2019 ते 2021 या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयग्रस्त आढळल्या. म्हणजे लोकलच्या डब्यात माझ्या शेजारी उभ्या असलेल्या कितीतरी जणी त्याच थकव्याने खांबाला टेकलेल्या असतात. त्यांना महागड्या तक्त्यांची गरज नाही. समोरच्या बाईची परिस्थिती विचारून मगच बोलणाऱ्या माणसाची आहे. असा चांगुलपणा दुर्मीळ आहे असे मला वाटत नाही, पण त्याला फलक नसतो, शुल्क नसते, त्यामुळे तो शोधायला आपण सर्वांत शेवटी जातो. निवृत्तीनंतरही तुमच्या ओट्यावर बायका का येऊन बसतात, ते मला आता कळले आहे.

ताई, एक विचारायचे आहे. पावसाळ्यात मेथी आणि पालक महागतात आणि चिखलाने भरलेले येतात. त्या दिवसांत आमच्या स्टेशनाबाहेर आदिवासी बायका टाकळा आणि कुरडू विकायला बसतात. या भाज्या आदल्या रात्री निवडून ठेवल्या तर सकाळपर्यंत चांगल्या राहतील का? येत्या रविवारी तुमच्यासाठी भाजणी घेऊन येते, तेव्हा सांगा.

आपली कृतज्ञ,
मागच्या गल्लीतली नोकरदार शेजारीण