चोवीस तासांत खत होत नाही

मा. संपादक,

केंद्राची नवी घनकचरा व्यवस्थापन नियमावली १ एप्रिल २०२६ पासून लागू झाली आहे. ज्या सोसायटीचे चटईक्षेत्र २० हजार चौरस मीटर किंवा अधिक आहे, जिथे दिवसाला ४० हजार लिटर पाणी लागते किंवा जिथून रोज १०० किलो कचरा निघतो, तिने ओला कचरा शक्य तोवर आवारातच जिरवायचा आहे. १०० किलोची अट २०१६ च्या नियमांतही होती. ती पाळण्यासाठी पुण्यातल्या बऱ्याच सोसायट्यांनी ‘२४ तासांत खत’ देणारी विजेवरची यंत्रे घेतली, आणि आता आणखी सोसायट्या तोच विचार करतील. त्यांनी पैसे मोजण्याआधी, आणि महापालिकेने अशा प्रकल्पांना मान्यता देण्याआधी, यंत्रातून नेमके काय बाहेर पडते ते पाहावे, एवढ्यासाठी हे पत्र.

या यंत्रात तापक आणि फिरणारी पाती असतात. ओला कचरा, थोडा लाकडाचा भुसा आणि जिवाणूंची पूड घातली की दुसऱ्या दिवशी तपकिरी, कोरडा चुरा मिळतो. वजन पाचव्या हिश्श्यावर आलेले असते, वास जवळजवळ नसतो. समिती खूश होते. पण भाजीच्या देठा-सालींत ८० ते ९० टक्के पाणीच असते. ते उडाले म्हणून वजन घटले. कुजण्याचे काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना ओल, हवा आणि वेळ लागतो. ओल काढून घेतली की ते थांबतात आणि ७० अंशांपुढे त्यांतले बहुतेक मरतात. हाती आलेला चुरा हा वाळवलेला कचरा आहे, खत नव्हे.

याचा प्रत्यय कुंडीत येतो. चुरा घालून पाणी दिले की थांबलेले कुजणे तिथे सुरू होते: दोन-तीन दिवसांत आंबट वास, चिलटे, वर पांढऱ्या बुरशीचा थर. माती तापते, मुळांना प्राणवायू कमी पडतो. भुसा जास्त पडला असेल तर तो कुजवण्यासाठी जिवाणू मातीतले नत्र ओढतात आणि पाने पिवळी पडतात. शिजलेल्या अन्नातले मीठही वाळल्यावर एकवटलेले असते. एकदा रोपे जळाली की माळी तो चुरा पोत्यांत भरून कुंपणाशी रचून ठेवतो. पावसात पोती भिजली की दुर्गंधी सुटते आणि दोष ओल्या कचऱ्याला लागतो.

यंत्र आधीच घेतले असेल तर ते मोडीत काढायची गरज नाही. त्यातून माल निघाला म्हणजे खताचे निम्मेच काम झाले आहे असे धरावे. त्यावर पाणी शिंपडून तो ओलसर करावा. मुठीत दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत, धार लागू नये. त्यात दहावा हिस्सा तयार खत विरजणासारखे मिसळावे. मग भोके असलेल्या क्रेटमध्ये भरून दर तीन-चार दिवसांनी उलथावा, सुकत आला तर पुन्हा पाणी मारावे. तो आधी गरम होईल, मग हळूहळू निवेल. याला तीन ते चार आठवडे लागतात आणि तेवढे क्रेट ठेवायला छपराखालची जागा लागते. यंत्र विकत घेताना या जागेचा विचार झालेला नसतो, आणि बहुतेक प्रकल्प तिथेच फसतात.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी साध्या विटांच्या हौदांचा हिशोब आधी मांडून पाहावा. एका घरातून रोज साधारण अर्धा ते पाऊण किलो ओला कचरा निघतो, म्हणजे शंभर घरांचे सुमारे ६० किलो. चार फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट उंच असा हौद, भिंतींत एक वीट सोडून एक अशी हवेची भोके, आणि तळाला निचरा. असा एक हौद आठवडाभरात भरतो. आठ हौद असले की पहिल्यावर पुन्हा पाळी येईपर्यंत त्याला सात आठवडे मिळतात. वर पत्रा हवाच, नाहीतर जुलैत सगळ्याचा चिखल होतो.

कचरा आणि वाळलेला पाला वजनाने पाचास एक या प्रमाणात, थरावर थर. पाला पोकळ असल्याने मापाने तो जवळजवळ कचऱ्याइतकाच दिसतो; तेवढा घालायला हात आखडू नये. कारण स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात नत्र जास्त आणि कर्ब कमी असतो. पाला कर्ब पुरवतो, जादा पाणी पितो आणि हवेला वाट ठेवतो. आमटी-भाजीचे पाणी आधी गाळून काढावे. नारळाच्या करवंट्या, आंब्याच्या कोयी आणि हाडे वेगळी ठेवावीत. ती सात आठवड्यांत कुजत नाहीत. आठवड्यातून एकदा ढीग उलथावा. मध्यभागी ५५ अंशांपुढे तापमान सलग तीन दिवस राहिले की रोगजंतू आणि तणांचे बी मरते.

बिघाड वासावरून कळतो. डोळ्यांत झोंबणारा अमोनियाचा वास आला तर पाला कमी पडला. सडक्या अंड्यांचा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी: उलथा, पाला घाला. ढीग तापतच नसेल तर तो कोरडा आहे किंवा फार लहान आहे. मोठ्या अळ्या दिसल्या की रहिवासी घाबरून औषध फवारायला सांगतात. तसे करू नये. काळ्या सैनिक माशीच्या अळ्या कचरा खाऊन संपवतात, त्या रोग पसरवत नाहीत. त्या फार झाल्या तर ओल कमी करावी. फवारणीने कचरा कुजवणारे जीवही मरतात.

आता महापालिकेकडे मागणी. गांडूळखत प्रकल्पासाठी पुण्यात मिळकतकरात सवलत मिळते. तिचा आधार यंत्राची पावती किंवा वीजबिल नसावा, तयार झालेला माल असावा. खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये शहरी कचऱ्याच्या खताचा दर्जा ठरवून दिलेला आहे: कर्ब-नत्र गुणोत्तर २० पेक्षा कमी, नत्र किमान ०.८ टक्के, विद्युतवाहकता (म्हणजे क्षारांचे माप) ४ डेसिसायमन प्रति मीटरपेक्षा जास्त नाही, आणि दुर्गंधी नसावी. प्रत्येक प्रकल्पाचा नमुना वर्षातून एकदा प्रयोगशाळेत जावा. एरवी निरीक्षकाला जागेवरच दोन परीक्षा घेता येतील. मूठभर ओलसर खत प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवसांनी उघडावे; आंबूस वास आला तर ते कच्चे. किंवा त्यात अळिवाचे वीस दाणे पेरावेत, शेजारी साध्या मातीत वीस. खतातले निम्मेही उगवले नाहीत आणि मातीतले उगवले, तर सवलत थांबवून सोसायटीला दुरुस्तीसाठी दोन महिने द्यावेत.

आणखी एक गोष्ट क्षेत्रीय कार्यालयाच्या हातातली आहे. फेब्रुवारी ते एप्रिल पानगळीत रस्त्यांवर आणि उद्यानांत पाल्याचे ढीग पडतात आणि बंदी असूनही अनेक ठिकाणी ते पेटवले जातात. आणि खत करणाऱ्या सोसायट्या पावसाळ्यात पाला नाही म्हणून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) विकत आणतात. हा पाला उन्हाळ्यातच पोत्यांत भरून प्रभागातल्या एखाद्या शेडमध्ये कोरडा ठेवावा आणि जून ते सप्टेंबर खतप्रकल्प चालवणाऱ्या सोसायट्यांना फुकट द्यावा. शंभर घरांना रोज १२ किलो, म्हणजे चार महिन्यांना साधारण दीड टन पाला पुरतो.

– एक वाचक, पुणे