वांगणीला आम्हाला पाठवता, तर केईएमही तिकडेच न्या

मा. गृहनिर्माण मंत्री, महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

परवा फोन आला, गिरणी कामगारांसाठीच्या, कर्जतच्या वाटेवरच्या शेलू-वांगणीच्या घराला संमती द्या म्हणून. घर कितव्या मजल्यावर, विचारलं तर पलीकडची मुलगी म्हणाली, "आजोबा, ते लॉटरीनंतर कळेल." अहो, सत्तरीतल्या माणसाला दुसरं विचारायचं तरी काय असतं?

मी गिरणीच्या साचेखात्यातला, म्हणजे मागावर कापड विणणारा. 82च्या संपानंतर गिरणीने परत घेतलं नाही. दमा तेवढा कायमचा लागला. बायकोचे दोन्ही गुडघे गेलेत, संडासला जायचं तर भिंत धरून, आणि तो चाळीच्या पार टोकाला. आमचा डॉक्टर परळच्या केईएम रुग्णालयात. वांगणीहून कर्जत लोकल पकडून, दादरचा पूल चढून तिला मी आणायची कशी? सकाळच्या गर्दीत एकदा येऊन बघा, गाड्यांचा ताफा न घेता.

घर पंधरा लाखांचं, त्यातले साडेनऊ लाख कामगाराचे, असं ऐकतो. माझी पेन्शन महिना हजार रुपये. सगळीच्या सगळी हप्त्यात घातली तर 79 वर्षं लागतील, म्हणजे शेवटचा हप्ता भरताना मी दीडशेचा असेन. या वयात कर्ज द्यायला कुठली बँक बसली आहे?

आणि मुंबईत जागा नाही, हे आम्हाला सांगू नका. 1991च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा सुमारे एक तृतीयांश वाटा घरांसाठी म्हाडाचा होता. 2001 मध्ये तुम्हा लोकांनी नियम फिरवला: वाटणी फक्त मोकळ्या जागेची. गिरणीत साच्याला साचा लागलेला, मोकळी जागा होतीच किती? सरकारं बदलली, टॉवर वाढत गेले. कामगारांचे घरासाठीचे अर्ज कोणी दीड लाख सांगतं, कोणी पावणेदोन. घरं मिळाली पंधरा-सोळा हजारांना. बाकीचे मरायची वाट बघताय का? वारसांची भांडणं लागली की तुमचं काम सोपंच.

2025च्या गृहनिर्माण धोरणाचं नाव 'माझे घर, माझा अधिकार'. त्यात ज्येष्ठांचाही उल्लेख आहे म्हणे. मग सत्तरीवरच्या कामगारांची वेगळी यादी करा. परळ-लालबागच्या आसपास, लिफ्ट असलेल्या इमारतीत लहानशी खोली द्या, संडास आत असलेली. मालकी नको, आम्ही दोघं असेपर्यंत परवडेल त्या भाड्याने द्या. नंतर खुशाल परत घ्या, आम्ही काही वर घेऊन जाणार नाही.

संमतीपत्र मी भरलेलं नाही, भरणारही नाही. पुढचा फोन त्या पोरीकडून नको, तुमच्या सचिवांकडून येऊ दे, मजल्याच्या उत्तरासकट.

आपला,
एक गिरणी कामगार, लालबाग