स्वस्त वेल्डिंग मशीनवरचे आकडे तपासले जावेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

चार-पाच किलो वजनाची आणि पट्टा लावून खांद्यावरून नेता येणारी इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन आता पाच-सात हजार रुपयांत मिळतात. हार्डवेअरच्या दुकानात ती असतात आणि मोबाइलवरून मागवली तर घरपोचही येतात. ग्रिल, गेट, पत्र्याचे शेड, जनावरांच्या गोठ्यातील दावणीचे पाइप अशी कामे करणारे कितीतरी तरुण याच मशीनवर धंदा सुरू करत आहेत. या मशीनवर पक्के, व्यावसायिक दर्जाचे काम होऊ शकते का, असा प्रश्न शिवाजी उद्यमनगरातील माझ्या छोट्या वर्कशॉपमध्ये येणारी मुले मला सतत विचारतात. या प्रश्नावर दोन टोकांची मते ऐकू येतात. जुने मिस्त्री या मशीनना खेळणे म्हणतात, तर विकणारे त्यांच्यावर कोणतेही काम होईल असे छातीठोकपणे सांगतात. दोन्ही मतांमुळे नवख्या माणसाचे नुकसान होते, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

प्रथम या मशीनच्या बाजूने जे खरे आहे ते सांगतो. जुने ट्रान्सफॉर्मर मशीन उचलायला दोन माणसे लागत आणि त्याचा प्रवाह एसी असल्यामुळे आर्क, म्हणजे वेल्डिंग रॉडच्या टोकाशी पेटणारी विजेची ज्योत, सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येऊन पुन्हा पेटे. नव्या हाताला असा आर्क धरून ठेवणे अवघड जाते. इन्व्हर्टर मशीन डीसी प्रवाह देते, त्यामुळे आर्क स्थिर राहतो, रॉड कमी चिकटतो आणि त्याच कामाला वीजही कमी लागते. बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा, 6013 जातीचा रॉड साधारण 60 ते 90 अँपिअरवर चालतो आणि त्याहून जाड, दहा नंबरचा 90 ते 130 वर. एवढा करंट खरोखर देणारे मशीन असेल, तर तीन ते पाच मिलिमीटर जाडीच्या अँगलवर आणि सेक्शन पाइपवर त्याने मारलेला रन, म्हणजे वितळलेल्या धातूची जोडरेघ, महागड्या मशीनच्या रनाइतकाच मजबूत होऊ शकतो. हातात कसब असेल आणि धातू नीट वितळून एकजीव झाला असेल, तर मशीन किती रुपयांचे होते यावरून जोडाच्या ताकदीत फरक पडत नाही. गेट-ग्रिलच्या कामात हे मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे.

मात्र तेवढा करंट मशीन खरोखर देते का, इथेच गाडी अडते. अनेक खोक्यांवर 300, 400 अँपिअर असे आकडे ठळक अक्षरांत छापलेले असतात. ते तपासण्यासाठी साधा गुणाकार पुरतो. हाताने रॉड चालवताना आर्कचा दाब किती व्होल्ट धरायचा याचे ठरलेले सूत्र आहे: करंटच्या 0.04 पटीत 20 मिळवायचे. 400 अँपिअरला तो 36 व्होल्ट येतो आणि दोन्हींचा गुणाकार 14,400 वॅट होतो. घरातील जाड पिनांच्या सॉकेटची मर्यादा 16 अँपिअर असते, म्हणजे 230 व्होल्टला 3,680 वॅट. मशीनमध्ये एक वॅटही वाया गेला नाही असे धरले, तरी 400 अँपिअरच्या आर्कसाठी सिंगल फेजच्या तारेतून 60 हून अधिक अँपिअर ओढावे लागतील. घरगुती सॉकेटवर चालणाऱ्या, तळहाताएवढ्या पंख्याच्या मशीनमध्ये हे अशक्य आहे. याच हिशेबाने 200 अँपिअरलाही 5,600 वॅट लागतात. प्रत्यक्षातील घट आणि पॉवर फॅक्टर (तारेतून ओढलेला सगळा करंट कामी येत नाही, त्याचा हिशेब) जमेस धरला, तर 100 अँपिअरच्या आसपासच 16 अँपिअरच्या सॉकेटची मर्यादा संपते. म्हणून खोक्यावर 400 वाचून कोणी आणखी जाड, आठ नंबरचा रॉड लावून दहा मिलिमीटरच्या प्लेटला रन मारू लागला, तर रन वर दिसेल आणि प्लेट आतून कोरडीच, न वितळलेली राहील.

दुसरा आकडा ड्यूटी सायकलचा असतो. काही मशीनवर तो लिहिलेलाच नसतो, आणि लिहिलेला असला तरी त्याचा अर्थ गिऱ्हाइकाला कोणी समजावून सांगत नाही. दहा मिनिटांपैकी किती मिनिटे त्या करंटवर आर्क चालू ठेवता येईल, एवढाच त्याचा अर्थ आहे आणि तो 40 अंश सेल्सिअस तापमान धरून मोजतात. 200 अँपिअरला 20 टक्के लिहिले असेल, तर दोन मिनिटे काम आणि आठ मिनिटे विश्रांती असे ते गणित आहे. ढोबळ हिशेबाने तेच मशीन न थांबता चालवायचे झाल्यास सुमारे 90 अँपिअरच देऊ शकेल. रॉड बदलणे, खपली काढणे, पुढचा तुकडा लावणे यात हाताने वेल्डिंग करणाऱ्याचा निम्म्याहून जास्त वेळ जातो, त्यामुळे बारा नंबरच्या रॉडवर गेटचे काम करणाऱ्याला ही मर्यादा सहसा जाणवत नाही. पण ट्रॉलीची चॅसी बांधणारा माणूस एप्रिलमध्ये पत्र्याच्या शेडखाली दहा नंबरचा रॉड लागोपाठ जाळतो, तेव्हा जास्त तापल्याचा दिवा लागून मशीन बंद पडते. तापल्यावर मशीन बंद करणारा थर्मल कटआउट धड नसेल तर आतला इलेक्ट्रॉनिक बोर्डच जळतो. सुटा बोर्ड सहजी मिळत नाही आणि दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर जातो. जुना ट्रान्सफॉर्मर जळाला तर उद्यमनगरात तो पुन्हा वाइंडिंग करून मिळत असे. इथे ती सोय नाही. शेजारी ग्राइंडर चालत असेल तर लोखंडाचा किस पंख्यातून आत जाऊन बोर्डावर बसतो आणि शॉर्ट होतो. मशीन ग्राइंडरपासून लांब ठेवून आठवड्याला हवा मारली, तरी त्याचे आयुष्य बरेच वाढते.

मशीनसोबत मिळणाऱ्या केबलविषयी कोणी बोलत नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. स्वस्त मशीनबरोबर दीड-दोन मीटरची, वरून तांब्यासारखी दिसणारी केबल येते. ती चाकूने सोलून एखादी तार खरवडली की आत पांढरे ॲल्युमिनियम दिसते. अशा तारेचा विद्युतरोध तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या तारेच्या सुमारे दीडपट असतो. केबल लांबवली की दाब पडतो, होल्डर तापतो आणि आर्क मवाळ होतो. गिऱ्हाईक मात्र मशीनला दोष देते. त्यातच अर्थिंग क्लॅम्प पत्र्याचा, ठिसूळ स्प्रिंगचा असतो आणि तो रंग न घासता गंजलेल्या अँगलला लावला जातो. करवीर किंवा पन्हाळा तालुक्यातील वाडीवर संध्याकाळी व्होल्टेज 180 च्या आसपास आले आणि पातळ तारेची पन्नास मीटर एक्स्टेन्शन लावली, तर चांगल्या कंपनीचे मशीनही तिथे हात टेकते. मशीनवर वाचवलेल्या पैशांतून पहिली खरेदी तांब्याच्या 16 किंवा 25 चौरस मिलिमीटरच्या केबलची, पितळी क्लॅम्पची आणि जाड एक्स्टेन्शनची व्हावी, असे मी प्रत्येकाला सांगतो.

रॉडची गोष्टही तशीच. भारतीय मानक आयएस 814 चा उल्लेख असलेला रॉड आणि सुट्टा, नाव नसलेला रॉड यांच्या किमतीत किलोमागे थोडाच फरक असतो. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवेत जी ओल असते, त्यात उघड्या पाकिटातील रॉडचे आवरण पाणी ओढते. 6013 चा रॉड ओला झाला तर रनात भोके पडतात; तासभर शंभर अंशांच्या आसपास वाळवला तर तो पुन्हा वापरता येतो. जास्त ताकदीच्या कामाला लागणारा 7018 मात्र 300 ते 350 अंशांवर भाजून घ्यावा लागतो. तसे केले नाही तर ओलीतील हायड्रोजन जोडात शिरतो आणि जाड प्लेटला तडा जाऊ शकतो. तो तडा काम झाल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी जातो, म्हणून मिस्त्रीच्या नजरेतून सुटतो. अशा वेळी मशीन लाखाचे असले तरी उपयोग नसतो.

जोड पक्का आहे की नाही, हे रनाच्या खवल्यांवरून ठरवण्याची सवय आपल्या धंद्यात खोल रुजली आहे. ती मोडण्यासाठी मी शिकाऊ मुलांना एक चाचणी करायला लावतो, तिला घण आणि व्हाइस यांखेरीज काही लागत नाही. सहा मिलिमीटरच्या पट्टीचे चार-चार इंचांचे दोन तुकडे घ्यावेत, एक आडवा ठेवून दुसरा त्यावर काटकोनात उभा करावा आणि फक्त एका बाजूने रन मारावा. गार झाल्यावर आडवा तुकडा व्हाइसमध्ये धरून, रन नसलेल्या बाजूने घणाचे घाव घालून उभा तुकडा रनाच्या अंगाला पाडावा, म्हणजे जोडाच्या मुळाशी ताण येतो. जोड उत्तम असेल तर तो तुटण्याआधी पट्टी वाकते. तुटला तरी आत मुळापर्यंत एकसारखा करडा, दाणेदार धातू दिसतो. जोड कच्चा असेल तर पट्टीची मूळ धार जशीच्या तशी सरळ रेघ होऊन समोर येते, तिच्यावरची निळसर-काळी पापडीसुद्धा जळालेली नसते. वरून सुरेख दिसणारा रन नुसता टेकवलेला होता, हे मुलाला तिथेच कळते. रॉडऐवजी सलग वायर आपोआप पुढे सोडणाऱ्या, कमी दमाच्या मिग मशीनवर हा प्रकार विशेष घडतो. बारीक वायरचा रन झटपट आणि देखणा पडतो, पण सहा मिलिमीटर किंवा अधिक जाडीच्या प्लेटवर तो चिकटल्यासारखा बसतो. कोणतेही नवे मशीन घेतल्यावर, ज्या जाडीचे काम करायचे आहे त्या जाडीवर ही चाचणी आधी करून पाहावी आणि ज्या जाडीला मुळाशी धार दिसू लागेल तिथे त्या मशीनची हद्द समजावी.

उसाच्या हंगामात ओव्हरलोड भरलेल्या ट्रॉल्या आपल्या रस्त्यांवरून रात्रंदिवस धावतात. ट्रॅक्टरला जोडणारी दांडी आणि कडी, आखाचे ब्रॅकेट, शाळेच्या जिन्याचा कठडा, पाण्याच्या टाकीचा मनोरा या ठिकाणी जोड सुटला तर माणसे मरतात. अशी कामे पाच-सात हजारांच्या मशीनवर, न तपासलेल्या हाताने आणि ओल्या रॉडने होऊ नयेत, असे माझे ठाम मत आहे. साखर कारखान्यांच्या बॉयलरवर इंडियन बॉयलर रेग्युलेशन्स, 1950 नुसार परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळवलेल्या वेल्डरखेरीज कोणाला हात लावता येत नाही. त्याच कारखान्याच्या फाटकातून आत येणाऱ्या ट्रॉलीची दांडी मात्र कोणी, कशाने आणि कशी जोडली, हे कोणी विचारत नाही.

सुरक्षेच्या बाबतीत स्वस्ताईला अजिबात जागा नसावी. खोक्यात येणारी काळी काच आर्कमधील अतिनील किरणे अडवतेच, याची खात्री नसते. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखी आग होऊन मुले सकाळी कामाला येत नाहीत. प्रमाणित हेल्मेट मशीनच्या किमतीच्या मानाने महाग वाटते, तरी ते घ्यावेच. रॉड जळत नसतानाही होल्डरवर साठ-सत्तर व्होल्ट असतात, आणि पावसात भिजलेले हातमोजे घालून लोखंडावर बसलेल्या माणसाला तेवढे जीवघेणे ठरू शकतात. मशीनच्या प्लगची तिसरी पिन कापून काम चालवण्याची पद्धत तर तात्काळ थांबली पाहिजे. वेल्डिंगच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2017 साली माणसाला कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकले आहे, त्यामुळे बंद खोलीत पंखा न लावता काम करणाऱ्यांनी वेळीच सावध व्हावे.

म्हादबा मेस्त्रींच्या पिढीने ज्या उद्यमनगरात ऑइल इंजिनांचे कारखाने उभे केले, त्या गावात मशीनवरचा आकडा खरा की खोटा हे तपासून देणारी सोय सामान्य फॅब्रिकेटरला सहज मिळू नये, याची खंत वाटते. कोल्हापूर इंजिनिअरिंग असोसिएशन, शिरोलीची स्मॅक आणि गोकुळ शिरगावची गोशिमा या उद्योजकांच्या संघटनांनी आयटीआय आणि शासकीय तंत्रनिकेतनाच्या साह्याने महिन्यातून एक दिवस अशी तपासणी ठेवावी, अशी माझी विनंती आहे. त्यासाठी मशीनवर मोजका भार टाकणारी लोड बँक आणि डीसी करंट मोजणारा क्लॅम्प मीटर लागेल. साधा क्लॅम्प मीटर फक्त एसी मोजतो, म्हणून तो इथे चालणार नाही. फॅब्रिकेटरने आपले मशीन आणावे, प्रत्यक्ष किती अँपिअर किती मिनिटे मिळतात ते मोजून कागदावर लिहून घ्यावे आणि तिथेच पट्टीचा एक जोड तोडून पाहावा. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला दहा लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोजून काढलेले असे कागद हाती असतील, तर 400 अँपिअरचे खोके विकणाऱ्यांविरुद्ध तक्रार करणे सोपे जाईल. दुकानदारांनीही खोक्यावरचा आकडा बाजूला ठेवून, मशीनचा खरा करंट आणि त्या करंटची ड्यूटी सायकल बिलावर लिहून द्यायला येत्या हंगामाआधी सुरुवात करावी.

आपला,
एक फॅब्रिकेशन व्यावसायिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर