टाकळीचे शंख आणि जगबुडी

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला जलप्रलयावरचा लेख वाचला. मनू, बायबलमधला नोहा, प्राचीन मेसोपोटेमियातल्या (आजच्या इराकातल्या) गिल्गमेशच्या काव्यातला उत्नपिश्तिम, चीनचा यू या सगळ्यांच्या पुराच्या कथा म्हणजे एकाच जगबुडीची आठवण, असे त्यात ठासून म्हटले आहे. पुरावा म्हणून आपल्या नागपुरातल्या टाकळी भागात दगडांत सापडणारे शंख दाखवले आहेत. विषय फार मोलाचा आहे, म्हणूनच हे लिहिते आहे.

आधी टाकळीचे पाहू. ते शंख समुद्रातले नाहीतच, गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हाचे लोट एकावर एक पसरत होते. दोन लोटांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत हे जीव वाढले आणि पुढच्या लोटाखाली गाडले गेले. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या मिशनऱ्यांनी नागपूर परिसराच्या भूगर्भावरचा आपला निबंध 1855 मध्ये प्रसिद्ध केला, तेव्हापासून हे जीवाश्म जगाला ठाऊक आहेत. त्या काळी पृथ्वीवर माणूसच नव्हता. मग ती आठवण ठेवली कोणी?

आता कथांकडे. पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वूली यांना 1929 मध्ये इराकातल्या उर या प्राचीन शहरात खोदताना सुमारे तीन मीटर जाडीचा स्वच्छ गाळ लागला आणि नोहाचा पूर सापडल्याचा गाजावाजा झाला. पण उरच्या जवळच असलेल्या एरिडूत तसा थर मिळाला नाही. शुरुप्पक या तिथल्याच आणखी एका प्राचीन शहरातला पुराचा थर इ.स.पू. 2900 च्या सुमाराचा, म्हणजे उरच्या थरापेक्षा कित्येक शतकांनी अलीकडचा. टायग्रिस आणि युफ्रेटिस यांचा तो सपाट गाळाचा प्रदेश, नद्या पात्र बदलत राहणार, पूर वेगवेगळ्या शहरांना वेगवेगळ्या काळी गाठणार. त्यात इराणच्या आखाताची भर. शेवटच्या हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता आणि हे उथळ आखात जवळजवळ कोरडे होते. बर्फ वितळत गेला तसा समुद्र त्या सपाट तळावर आत सरकत आला. किनाऱ्यावर राहणाऱ्यांच्या पिढ्यान् पिढ्या मागे हटल्या असतील. अशा मुलखात पुराची कथा जन्मली नसती, तरच नवल.

काळ्या समुद्राचा सिद्धांत लेखात सिद्ध झाल्यासारखा मांडला आहे. रायन आणि पिटमन या भूगर्भशास्त्रज्ञांनी 1997 मध्ये म्हटले की, सुमारे साडेसात हजार वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राचे पाणी बॉस्फोरसच्या सामुद्रधुनीतून एकदम काळ्या समुद्रात कोसळले. नंतरच्या अनेक अभ्यासकांना पाण्याची वाढ खूपच कमी आणि संथ वाटते. वाद चालू आहे, आणि तसेच छापायला हवे होते.

चीनची गोष्ट तर निराळीच आहे. यू मनू-नोहासारखी होडी बांधत नाही, तो चर खणून पाणी काढून देतो. पीत नदीवर जिशी घळीत दरड कोसळून नदी अडली आणि तो बांध इ.स.पू. 1920 च्या सुमारास फुटला, असे 2016 मध्ये काही संशोधकांनी मांडले. त्याचा यूशी संबंध लावणे सर्वांना मान्य नाही, पण निदान एका ठिकाणची, एका काळाची, तपासता येईल अशी ही मांडणी आहे. हिमालयातही असे घडते: 1893 मध्ये गढवालात डोंगर कोसळून बिरही गंगा अडली आणि पुढच्या वर्षी ते पाणी फुटून खाली आले. काश्मीरचे खोरे पूर्वी सतीसर नावाचे सरोवर होते, त्या कथेत पाणी चढत नाही, ओसरते. आणि तिथल्या करेवांमध्ये, म्हणजे खोऱ्यातल्या सपाट माथ्याच्या उंचवट्यांमध्ये, खरोखरच जुन्या सरोवराचा गाळ आहे. आपल्या कोकणात परशुराम समुद्राला मागे हटवतो. या साऱ्यांना एका पुरात कोंबले की प्रत्येक कथेतला तिच्या मातीचा तपशील पुसला जातो, आणि भूगर्भशास्त्रज्ञाला उपयोगी पडतो तो नेमका तोच.

म्हणून एक विनंती आहे. आपल्याच जिल्ह्यातल्या मोवाडला 30 जुलै 1991 रोजी वर्धा नदीच्या पुराने दोनशेहून अधिक माणसे नेली. ते पाहिलेली माणसे आज आहेत. सप्टेंबर 2023 मध्ये नागपुरातल्या अंबाझरी तलावाचे पाणी घरांत शिरले, त्याचेही साक्षीदार आपल्याच वस्त्यांत आहेत. वर्धा, वैनगंगा, कन्हानकाठच्या गावांत त्याहून जुन्या पुरांच्या हकिगती आजी-आजोबांच्या तोंडी आहेत: पाणी कोणत्या देवळाच्या कितव्या पायरीला लागले, कोणता वड वाहून गेला, गाव कुठून कुठे हलले. भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नर्मदेच्या घळईत पुराने आडोशाला टाकलेल्या गाळाच्या थरांवरून शेकडो वर्षांपूर्वीचे महापूर शोधले आहेत. असा गाळ नेमका कुठे पाहावा, हे या हकिगतींवरून कळू शकते.

आपल्या दैनिकाने वाचकांकडून त्या मागवाव्यात आणि गावाचे नाव, साल व पाण्याची खूण यांसह छापाव्यात. जमलेला संग्रह सेमिनरी हिल्सवरच्या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयाला आणि विद्यापीठाच्या भूगर्भशास्त्र विभागाला द्यावा. टाकळीच्या शंखांबाबतचा खुलासा मात्र येत्या रविवारीच छापावा, कारण पुरवणी शाळांतही वाचली जाते.

आपली विश्वासू,
भूगोलाची एक निवृत्त शिक्षिका,
धरमपेठ, नागपूर