मोबदला घेऊन लिहिता, तर तसे जाहीर करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

पर्यटनाचा हंगाम जवळ आला की मालवण-तारकर्लीकडच्या निवास-न्याहारी चालकांना जाहिरातीची ‘पॅकेजे’ देऊ करणारे फोन येऊ लागतात आणि आता संकेतस्थळाच्या जोडीला त्यांत विकिपीडियावरील लेखाचाही समावेश असतो. विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशन या संस्थेच्या वापराच्या अटींत जून २०१४ पासून असलेला नियम मात्र ग्राहकाला कोणी सांगत नाही. मोबदला घेऊन लिहिणाऱ्याने आपला मालक कोण, ग्राहक कोण आणि या कामात आणखी कोणाशी संबंध आहे, हे सदस्य पानावर (आपल्या खात्याची ओळख देणारे पान), लेखाच्या चर्चा पानावर (लेखाविषयी बोलण्यासाठी त्याला जोडलेले पान) किंवा संपादनाच्या सारांशात (बदल करताना लिहायची छोटी टीप) जाहीर केले पाहिजे, असा तो नियम आहे. वस्तू आणि सेवाही मोबदल्यात मोडतात. लेखाच्या बदल्यात दोन रात्री फुकट राहणे किंवा हापूसची पेटी स्वीकारणे हाही मोबदलाच. आपल्याकडे असे व्यवहार ओळखीपाळखीतून सर्रास होतात, म्हणून हे मुद्दाम लिहितो.

आमच्या तालुक्यातील एका गावाच्या लेखात ‘भूगोल’ या मथळ्याखाली मला एका रिसॉर्टच्या जेवणाची तारीफ आणि चक्क भ्रमणध्वनी क्रमांक आढळला. लेखाचा इतिहास, म्हणजे कोणत्या खात्याने कधी काय बदलले याची नोंद, उघडून पाहिला, तर ही भर घालणाऱ्या खात्याने दुसरे काहीच लिहिलेले नव्हते आणि त्याचे सदस्य पानही कोरे होते. मजकूर काढता आला. तो कोणी कोणासाठी लिहिला, हे मात्र कळले नाही. गावाची माहिती शोधणाऱ्या शाळकरी मुलाने त्यावर विश्वास कसा ठेवावा?

यात व्यावसायिकही नाडला जातो. २०१५ साली इंग्रजी विकिपीडियावर ३८१ खाती रोखण्यात आली, तेव्हा त्यामागची मंडळी छोट्या व्यावसायिकांकडून लेख प्रसिद्ध करण्यासाठी आणि पुढे तो ‘सांभाळण्यासाठी’ पैसे उकळत असल्याचे उघड झाले होते. जो लेख कोणीही बदलू शकतो, तो टिकण्याची हमी कोणताही एजंट देऊ शकत नाही.

म्हणून पर्यटन व्यावसायिकांच्या संघटनांनी आपल्या सभासदांना सांगावे, की एजंट कोणत्या खात्यातून लिहिणार आणि मोबदल्याची नोंद कोठे करणार, हे पैसे देण्यापूर्वी लेखी घ्या. मराठी विकिपीडियाची देखरेख करणाऱ्या प्रचालकांनीही हा नियम सोप्या मराठीत, नव्या सदस्याला खाते उघडतानाच दिसेल असा ठेवावा. ज्यांना आपल्या व्यवसायाविषयीची चूक दुरुस्त करून हवी आहे, त्यांनी आपली ओळख सांगून चर्चा पानावर संदर्भासह तशी विनंती करावी. त्यासाठी कोणाला एक पैसाही द्यावा लागत नाही.

आपला नम्र,
एक वाचक, मालवण (जि. सिंधुदुर्ग)