तिमाही निकालातील रास्त मूल्य कशावरून ठरले, ते भागधारकाला सांगा

मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

कंपन्यांच्या निकालांचा हंगाम आला की आपल्या दैनिकात त्यांच्या जाहिराती दाटीवाटीने छापून येतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबी या संस्थेच्या २०१५ च्या सूचिबद्धता नियमावलीतील (शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांसाठीच्या नियमांतील) ४७ व्या नियमानुसार कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय ज्या भागात आहे तेथील भाषेच्या दैनिकातही निकालांची माहिती द्यावी लागते. म्हणूनच आकुर्डी, चिंचवड, चाकण आणि कोथरूडमधील कंपन्यांचे आकडे आपल्याला मराठीत वाचायला मिळतात. पुण्यात पेन्शनीतून वाचवलेले पैसे शेअर्समध्ये घालणारी ज्येष्ठ मंडळी पुष्कळ आहेत आणि त्यांपैकी अनेकांचा कंपनीशी येणारा संबंध या जाहिरातीपुरताच असतो. मी स्वतः एका सूचिबद्ध अभियांत्रिकी कंपनीच्या लेखा विभागात तीस वर्षे काम करून निवृत्त झालो आहे, त्यामुळे सोसायटीतील शेजारी अशी कात्रणे घेऊन माझ्याकडे येतात.

असेच एक शेजारी गेल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये कात्रण आणि भिंग घेऊन आले. त्यांच्याकडे असलेल्या एका कंपनीचा तिमाही नफा आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा बराच वाढलेला दिसत होता आणि आता लाभांशही वाढेल, असा त्यांचा हिशेब होता. जाहिरातीतील संक्षिप्त तक्त्यात कामकाजातून मिळालेले एकूण उत्पन्न, करपूर्व आणि करोत्तर नफा, एकूण सर्वसमावेशक उत्पन्न आणि प्रतिशेअर मिळकत एवढ्याच ओळी होत्या. ‘इतर उत्पन्न’, म्हणजे मुख्य व्यवसायाबाहेरचे उत्पन्न, ही ओळ त्यात नव्हती. शेअर बाजाराच्या संकेतस्थळावरून पूर्ण निकाल उतरवून घेतला तेव्हा विक्री जवळपास तेवढीच आहे आणि वाढ ‘इतर उत्पन्ना’तून आली आहे, हे लक्षात आले. खाली टिपेत एकच वाक्य होते : इतर उत्पन्नात गुंतवणुकींच्या रास्त मूल्यातील वाढ समाविष्ट आहे. कोणती गुंतवणूक, तिचे मूल्य कोणी आणि कशाच्या आधारे ठरवले, याबद्दल एक अक्षरही नव्हते. मार्च तिमाहीत त्या वाढीतला मोठा भाग उलट फिरला आणि शेजाऱ्यांनी मला विचारले, ‘‘मग नोव्हेंबरात छापलेला नफा खरा होता की खोटा?’’

तो खोटा नव्हता. रास्त मूल्य, म्हणजे व्यवहारात आपण ज्याला फेअर व्हॅल्यू म्हणतो ते, इंड एएस ११३ या भारतीय लेखामानकानुसार मोजायचे असते. मोजमापाच्या दिवशी बाजारातील जाणत्या घेणाऱ्या-देणाऱ्यांमध्ये सुरळीत व्यवहार झाला असता तर मालमत्ता विकून जी किंमत हाती आली असती, ती ही किंमत. ती कशावरून काढली यानुसार तिचे तीन स्तर पडतात. त्याच शेअरचा चालू बाजारभाव उपलब्ध असेल तर पहिला स्तर. थेट भाव नसला तरी व्याजदर, तत्सम रोख्यांचे भाव अशी बाहेर दिसणारी आकडेवारी वापरली असेल तर दुसरा. आणि बाजारात न दिसणाऱ्या, कंपनीच्याच अंदाजांवर मोठी मदार असेल तर तिसरा. पहिल्या स्तरातील चढउतारांविषयी माझी काहीच तक्रार नाही. ३१ मार्च २०२० रोजी सेन्सेक्स २९,४६८ च्या आसपास बंद झाला आणि तीनच महिन्यांनी, ३० जूनला, तो ३४,९०० च्या वर होता. त्या तिमाहीत सूचिबद्ध शेअर्स बाळगणाऱ्या कंपनीच्या आकड्यांनी उडी घेतली असेल तर ती कोणालाही भाव पाहून पडताळता येते.

तिसऱ्या स्तराचे तसे नाही. समजा, कंपनीकडे एका असूचिबद्ध कंपनीचे शेअर्स आहेत आणि त्यांतून पुढच्या वर्षी ६ कोटी रुपयांचा रोख ओघ अपेक्षित आहे, जो पुढे कायम दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढेल. हा ओघ १२ टक्के दराने आजच्या मूल्यात आणला (६ कोटींना १२ वजा ४, म्हणजे ८ टक्क्यांनी भागले) तर उत्तर ७५ कोटी येते. तोच दर ११ टक्के धरला तर ८५ कोटी ७१ लाख. कारखान्यात एक नटही जास्त बनलेला नाही, एक पैसाही हाती आलेला नाही आणि दरातल्या एका टक्क्याने १० कोटी ७१ लाखांचा ‘नफा’ उभा राहिला. यात लबाडी असेलच असे नाही, ११ टक्के हाच दर योग्य असू शकतो. पण तो बदलला आहे हे भागधारकाला कळायला नको का?

यात लेखा धोरणाचाही भाग आहे. इंड एएस १०९ नुसार विक्रीच्या उलाढालीसाठी न घेतलेल्या शेअर्सच्या बाबतीत कंपनी सुरुवातीलाच, पुन्हा मागे न फिरता येणारा पर्याय निवडू शकते की मूल्यातील फरक नफ्यात न दाखवता इतर सर्वसमावेशक उत्पन्नात, म्हणजे नफ्याच्या ओळीखालच्या वेगळ्या भागात, दाखवायचा. त्यामुळे दोन कंपन्यांनी एकाच तिसऱ्या कंपनीचे शेअर्स घेतले तरी एकीचा तिमाही नफा उड्या मारतो आणि दुसरीचा स्थिर राहतो. अंतरिम, म्हणजे वर्ष संपण्याआधीच्या, अहवालात वार्षिक हिशेबांचीच धोरणे वापरावीत आणि ती बदलली असतील तर तसे सांगावे, असे इंड एएस ३४ म्हणतो. मात्र मूल्य काढण्याची पद्धत बदलणे हा धोरणातील बदल मानला जात नाही, तो अंदाजातील बदल मानला जातो. म्हणजे ‘धोरणे तीच आहेत’ हे वाक्य अक्षरशः खरे असूनही हिशेबाची रीत मधल्यामध्ये बदललेली असू शकते.

मूळ अडचण पुढे आहे. वित्तीय साधनांच्या (शेअर्स, रोखे इत्यादींच्या) रास्त मूल्याचे स्तर, वापरलेल्या पद्धती आणि तिसऱ्या स्तरातील नफा-तोटा यांची माहिती अंतरिम अहवालातही द्यावी, असे इंड एएस ३४ च्या परिच्छेद १६ए मध्ये स्पष्ट लिहिले आहे. परंतु आपल्या कंपन्या सेबीच्या त्याच नियमावलीतील ३३ व्या नियमाखालील ठरावीक नमुन्यात निकाल देतात आणि टिपेत लिहितात की हे निकाल ‘इंड एएस ३४ मधील नोंदणी व मोजमापाच्या तत्त्वांनुसार’ तयार केले आहेत. त्या शब्दांत ‘प्रकटीकरण’ (माहिती उघड करणे) हा शब्द नाही, याकडे मी वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो. मोजमाप मानकाप्रमाणे होते, पण ते कसे झाले हे सांगण्याची मानकाची अट नमुन्याबाहेर राहते आणि स्तरांचा तक्ता थेट वार्षिक अहवालात, वर्षातून एकदाच, भेटतो. तिमाही निकालांचा लेखापरीक्षकांनी केलेला लिमिटेड रिव्ह्यू, म्हणजे मर्यादित तपासणी, प्रामुख्याने विचारणा आणि आकड्यांच्या तुलनेवर आधारलेला असल्यामुळे त्यावरून पूर्ण लेखापरीक्षणाइतकी खात्री बाळगता येत नाही.

आतल्या बाजूने मी जे पाहिले तेही सांगणे माझे कर्तव्य आहे. सप्टेंबरअखेरचे हिशेब बंद करताना बाहेरच्या व्हॅल्युअरचा, म्हणजे मूल्य ठरवणाऱ्या तज्ज्ञाचा, अहवाल वेळेत येत नसे, कारण निकाल ४५ दिवसांत, म्हणजे १४ नोव्हेंबरपर्यंत, द्यायचे असतात आणि त्याआधी लेखापरीक्षण समिती व संचालक मंडळाच्या बैठका व्हाव्या लागतात. अशा वेळी आम्ही मार्चचेच मूल्य पुढे ओढत असू आणि फाइलवर ‘लक्षणीय बदल नाही’ असा शेरा मारून मोकळे होत असू. तो शेरा मीही मारला आहे. अंतरिम हिशेबात अंदाजांचा वापर वार्षिक हिशेबापेक्षा अधिक होतो हे मानकालाही मान्य आहे. चूक मूल्य पुढे ओढण्यात नव्हती, ते ओढले आहे हे बाहेर न सांगण्यात होती. मग वर्षभराचा सारा फरक मार्च तिमाहीत येऊन पडतो, आणि ती तिमाही तर पूर्ण वर्षाच्या आकड्यांतून नऊ महिन्यांचे आकडे वजा करून काढलेली असते. शेजाऱ्यांच्या कंपनीत नेमके हेच घडले असे मी म्हणू शकत नाही, कारण ते समजण्याइतकी माहितीच निकालात नव्हती.

रास्त मूल्याच्या नफ्याकडे सावधपणे पाहायला हवे, हे आपल्या कायद्याने इतरत्र मान्य केलेले आहे. कंपनी कायद्याच्या कलम १२३ नुसार लाभांशासाठी नफा मोजताना प्रत्यक्षात न मिळालेला नफा आणि रास्त मूल्यामुळे झालेला बदल वगळावा लागतो. शेजाऱ्यांच्या लाभांशाच्या प्रश्नाचे उत्तर त्यातच होते. बँकांना इंड एएस अजून लागू नसले तरी रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२४ पासून अमलात आलेल्या गुंतवणूकविषयक निर्देशांनुसार तिसऱ्या स्तरातील न मिळालेल्या निव्वळ नफ्यातून लाभांश देता येत नाही आणि तो बँकेच्या मुख्य भांडवलातूनही वजा करावा लागतो. लाभांशासाठी आणि बँकेच्या भांडवलासाठी जो नफा धरता येत नाही, तोच प्रतिशेअर मिळकतीत मात्र कोणत्याही खुणेशिवाय मिसळून सामान्य वाचकासमोर येतो.

दर तिमाहीला वार्षिक अहवालाएवढ्या टिपा मागितल्या तर कंपन्यांवर बोजा पडेल आणि वाचक त्यात हरवेल, असे म्हटले जाईल. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणून माझी मागणी मर्यादित ठेवतो. सप्टेंबरच्या निकालासोबत ताळेबंद आणि रोख प्रवाह पत्रक तसेही द्यावेच लागते. त्याच्याच जोडीला वित्तीय साधनांच्या तीन स्तरांचा तक्ता आणि तिसऱ्या स्तरातून नफ्यात आलेली रक्कम सेबीने बंधनकारक करावी. जून आणि डिसेंबरच्या निकालांत दोन वाक्ये पुरतील : मूल्यांकन नव्याने केले की कोणत्या तारखेचे पुढे नेले, आणि पद्धत किंवा मुख्य गृहीतके बदलली का. हे काम कंपनीच्या लेखा विभागाला अवघड नाही, कारण वार्षिक अहवालासाठी हा तक्ता तयार करण्याची सवय त्यांना आहेच. सेबीचा नियम होईपर्यंत पुण्यातील कंपन्यांच्या लेखापरीक्षण समित्यांनी ते स्वतःहून सुरू करावे, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या दैनिकातील जाहिरातीत हल्ली पूर्ण निकालाकडे नेणारा क्यूआर कोड असतो, पण माझ्या वयाच्या अनेक वाचकांच्या हाती अजूनही कात्रण आणि भिंगच आहे. म्हणून त्या संक्षिप्त तक्त्यातच, करोत्तर नफ्याच्या ओळीखाली, ‘यापैकी रास्त मूल्यातील बदलामुळे’ अशी एक ओळ कंपन्यांनी मराठीत छापावी.

आपला विश्वासू,
एक निवृत्त लेखाधिकारी,
कर्वेनगर, पुणे