अब्रुनुकसानीचा एफआयआर होत नाही

मा. संपादक,

एखाद्या नगरसेवकाच्या फोटोखाली त्याने कधीच न उच्चारलेले वाक्य छापून व्हॉट्सॲपवर सोडले, की समर्थक ठाण्यात जाऊन ‘अब्रुनुकसानीचा एफआयआर घ्या’ म्हणून अडून बसतात. हा गुन्हा (भारतीय न्याय संहिता, कलम ३५६) अदखलपात्र आहे, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. पोलीस फार तर एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) घेतील. फौजदारी तक्रार ज्याची अब्रू गेली त्याने न्यायदंडाधिकाऱ्यांकडे करायची असते, नागपुरात म्हणजे सिव्हिल लाइन्समध्ये. कार्यकर्त्यांच्या भावना दुखावल्या, एवढे त्यासाठी पुरत नाही. वाक्य नुसते खोटे असूनही भागत नाही. त्यामुळे माणूस लोकांच्या नजरेतून उतरायला हवा. तक्रारीची मुदत तीन वर्षे, पण भरपाईच्या दिवाणी दाव्याची एकच वर्ष. नोटिसांची देवाणघेवाण करता करता तेच हातचे जाते.

त्याच वाक्यासाठी बनावट लेटरहेड किंवा आपल्या वृत्तपत्राचे खोटे कात्रण तयार केले असेल, तर गोष्ट वेगळी. लौकिकाला बाधा आणण्यासाठी केलेले बनावटीकरण (कलम ३३६(४)) दखलपात्र आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. अर्जात नुसते ‘बदनामी’ लिहिले, की हा मुद्दाच सुटतो. पुरावा म्हणून स्क्रीनशॉटची प्रिंट जोडून थांबू नये. मूळ मेसेज पुसू नये आणि भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे (इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे) प्रमाणपत्र सोबत द्यावे. ‘मी फक्त फॉरवर्ड केले’ हा बचाव नाही. ‘खरे तेच लिहिले’ हाही फौजदारीत अपुरा. ते लोकहिताचे होते हेही दाखवावे लागते.

दिवंगतांच्या नावावरच्या वाक्यांना मात्र बहुधा कोणी हटकत नाही. नातलगांच्या भावना दुखावण्याच्या हेतूने मृताची बदनामी केली तर गुन्हा होतो. गोड, भारदस्त वाक्य चिकटवले तर काहीच नाही. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉले या ब्रिटिश अधिकाऱ्याने ब्रिटिश संसदेत भारताची शिक्षणव्यवस्था मोडण्याविषयी केलेले ‘भाषण’ अजून फिरते. त्या दिवशी तो भारतात होता! तारीख ताडली असती तरी पुरे होते. तुकडोजी महाराजांच्या नावाने ओवी छापायला आली, तर ग्रामगीतेतला अध्याय आणि ओवी क्रमांक मागावा. तो मिळाला नाही, तर ओवी छापू नये. आणि बातमीत ‘बदनामीचा गुन्हा दाखल’ लिहिताना कलम कोणते, आणि ठाण्यात एनसी झाली की न्यायालयात तक्रार, तेवढे सांगावे.

– एक वकील, धंतोली, नागपूर